धावती गाडी किंचाळते तेव्हा: आवाज कुठून येतो यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो ते ऐका

कोल्हापुरी पायताण करकरत दारापाशी आलं की आतल्या माणसाला न बघताच कळतं, कोण आलंय आणि किती घाईत आलंय. पावलाबरोबर आवाज येतो, पाऊल थांबलं की थांबतो. जुन्या गाडीच्या किंचाळीचं कोडं सोडवायची पद्धत हीच आहे. आवाज कशाच्या तालावर चालतो ते आधी ओळखायचं, पाना नंतर उचलायचा.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, ओम्नी, सुमो अशा गाड्या अजूनही कोल्हापुरात शाहूपुरीच्या गल्ल्यांत आणि गगनबावड्याच्या वाटेवर रोज पळतात. नीट सांभाळल्या तर आणखीही पळतील. पण यांच्या मालकांची एक तक्रार कायम असते. गाडी चालवताना ‘चीं’ असा कर्कश आवाज येतो आणि गॅरेजच्या दारात पोचलं की नेमका बंद होतो. मग मिस्त्री अंदाजाने एखादा भाग बदलतो, पैसे जातात, आवाज तिथेच राहतो.

किंचाळी म्हणजे नेमकं काय

खडू फळ्यावर सरळ धरून ओढला की कधीकधी अंगावर काटा येईल असा आवाज होतो. खडू अखंड घसरत नाही. तो क्षणभर फळ्याला चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं आणि त्या थरथरीचा आपल्या कानाला एक सूर होतो. सारंगीची तार गजाखाली वाजते तीही अशीच. याला आपण ‘अडखळ-घसर’ म्हणू. गाडीतल्या बहुतेक किंचाळ्यांच्या मुळाशी ही अडखळ-घसर असते. ब्रेकमध्ये ती पॅड आणि डिस्क यांच्यात होते, इंजिनवर पट्टा आणि पुली यांच्यात, आणि वंगण संपलेल्या बेरिंगमध्ये गोळ्या आणि त्यांच्या वाटेत.

म्हणून नुसतं ‘चीं’ ऐकून भाग ओळखता येत नाही. धातूच्या पत्र्यातून आणि चासीमधून आवाज इतका फिरतो की पुढच्या डाव्या चाकाचा आवाज उजवीकडून येतोय असं खुशाल वाटतं.

पहिली चाचणी: चाक की इंजिन

आधी गाडी जागेवर उभी करा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. अॅक्सिलरेटर हळूहळू दाबून इंजिन रेस करा. आवाज उभ्या गाडीतच आला आणि इंजिनबरोबर चढला-उतरला, तर चाकं आणि ब्रेक निर्दोष. दोष इंजिनच्या बाजूला आहे.

उभ्या गाडीत काहीच वाजलं नाही, तर सपाट, सरळ, मोकळा रस्ता बघा. सकाळी लवकरची वेळ उत्तम. हायवे नको, उतार तर अजिबात नको. ताशी ४० च्या वेगात आवाज सुरू झाला की क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्या आणि दोन-तीन सेकंद ऐका. इंजिन मंदावलं तरी आवाज त्याच सुरात चालू राहिला, तर तो चाकांच्या बाजूचा. इंजिनबरोबर तोही खाली आला, तर इंजिनच्या बाजूचा. या चाचणीत किल्ली कधीही बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि किल्ली पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आवाज तुटक असेल, ‘चुंई, चुंई, चुंई’ असा, तर तो मोजा. लहान गाडीचं १३ इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातं. म्हणजे ताशी २० च्या वेगात ते सेकंदाला तीन फेरे घेतं. तेव्हा सेकंदाला तीन चुंई म्हणजे चाकाच्या फेऱ्याला एक. ओम्नी, सुमो, बोलेरो या गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना एका लांब फिरत्या दांड्यातून जाते. हा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्यात साधारण चार फेरे घेतो. त्याच्या सांध्यातलं, म्हणजे क्रॉसमधलं, ग्रीस संपलं की चालण्याच्या वेगातही चिमणीसारखी घाईची चिवचिव ऐकू येते. ती चाकाच्या मानाने फार जलद असते, त्यावरून ओळखायची. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे वेगात गाडी थरथरू लागते, आणि क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो.

कोणत्या बाजूला वाजतंय हे कळत नसेल, तर काचा खाली करून एका लांब कंपाउंड भिंतीला समांतर, हळू गाडी न्या. भिंत आवाज परत फेकते. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐका.

चाकाच्या बाजूचा आवाज: आधी ब्रेक

चाकाचा आवाज ठरला की ब्रेकवर पायाचा नुसता भार द्या, गाडी थांबवू नका. इथे बरंच काही उलगडतं.

पायाचा भार पडताच किंचाळी बंद झाली, आणि पाय काढला की परत सुरू, तर बहुधा पॅड संपत आलेत. पॅड म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या घर्षणाच्या वड्या. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर जाडीचा थर असतो. बऱ्याच पॅडना कडेला स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. थर झिजून २ ते ३ मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि वाजते. ती बनवणाऱ्याने तुम्हाला दिलेली सूचना आहे, बिघाड नव्हे. ब्रेक दाबला की जीभ घट्ट दाबली जाते, म्हणून आवाज कित्येकदा थांबतो. आणि इथेच माणसं फसतात. ब्रेक मारल्यावर आवाज जातो म्हणजे ब्रेक ठीक आहे, असा समज करून घेतात.

जाडी बघायला चाक काढावं लागतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक घट्ट, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. नट जॅक लावण्याआधी थोडे सैल करा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नका, स्टँड लावा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण ३ मिलिमीटर होतात. पॅडच्या लोखंडी पाठीवरचा थर तेवढाच उरला असेल, तर दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकवर एका अंगाला ओढते.

आतला पॅड आणि बाहेरचा पॅड यांची जाडी जुळवून बघा. एक निम्मा आणि दुसरा जवळपास संपलेला असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. पॅड दाबणारी पकड, म्हणजे कॅलिपर, ज्या दोन पिनांवर सरकते त्या गंजून अडकल्या आहेत, किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन मागे येत नाही. असा ब्रेक पाय काढल्यावरही लागून राहतो. फारसा ब्रेक न मारता पाच-सहा किलोमीटर चालवा आणि थांबून हाताची पाठ प्रत्येक चाकाजवळ न्या. टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा उघडच तापलेलं लागलं, तर तेच गुन्हेगार. उपाय म्हणजे पिना काढून साफ करणं, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस लावणं आणि फाटलेले रबरी बूट बदलणं. साधं चासी ग्रीस इथे चालत नाही. ते तापून पातळ होतं आणि रबर फुगवतं.

ब्रेकचा भार देऊनही आवाजात काही फरक पडला नाही, आणि तो खराब रस्त्यावरून आल्यानंतर अचानक सुरू झाला असेल, तर सगळ्यात स्वस्त कारण आधी बघा. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते. तिच्यात आणि डिस्कमध्ये खडीचा एक तुकडा अडकला की जीव जातोय असा आवाज होतो. गाडी थोडी मागे-पुढे केली की कित्येकदा तो पडून जातो. पत्रा वाकून टेकला असेल, तर स्क्रू ड्रायव्हरने एक-दोन मिलिमीटर मागे सारायचा. यासाठी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बदलायला सांगणाऱ्याकडून आधी पत्रा बघून घ्या.

मागच्या चाकांचं वेगळं

जुन्या लहान गाड्यांत मागे डिस्क नसते, ड्रम असतो. बंद डब्यासारख्या ड्रममध्ये दोन अर्धचंद्राकार शू बाहेर पसरून आतल्या भिंतीला घासतात. शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, झिजल्याची भुकटी तिथेच साठते आणि ती किंचाळीचं मोठं कारण असते. इथे सूचना देणारी जीभही नसते. म्हणून दर १० हजार किलोमीटरला ड्रम उघडून बघणं हाच उपाय.

ही भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारून खाली धुऊन काढा. गॅरेजमधल्या पोऱ्याने एअर मारायला पाइप उचलला तर त्यालाही थांबवा. दिवसभर ती भुकटी त्याच्याच नाकात जाते.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली तर केबल गंजून अडकते, आणि हँडब्रेक सोडला तरी शू लागून राहतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल, तर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर पहिल्यात ठेवा, मागचं चाक उचलून हाताने फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे.

‘पण नवे पॅड टाकले, तरी वाजतंय!’

ही तक्रार खरी आहे. नव्या पॅडचा पृष्ठभाग आणि जुन्या डिस्कचा पृष्ठभाग एकमेकांना ओळखत नसतात. डिस्कवर पॅडच्या मालाचा एक पातळ, एकसारखा थर बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर ठेवा. मग पाच-सात मिनिटं शक्य तेवढा ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो.

त्यानंतरही वाजत असेल, तर विचारा: पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, परत बसवली का? घाईत ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते. पॅडची थरथर कॅलिपरपर्यंत पोचू न देणं हे तिचं काम. पॅडची लोखंडी टोकं ज्या खाचांत सरकतात त्या तारेच्या ब्रशने साफ करून तिथे किंचित ब्रेक ग्रीस लागतं. स्वस्त पॅडमध्ये धातूचा चुरा जास्त असेल तर तो मुळातच जास्त बोलतो.

डिस्कवर बोटाला लागतील अशा चऱ्या पडल्या असतील, तर ती लेथवर घासता येते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथला काय तोटा! पण डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. घासून झाल्यावर ती त्याखाली जात असेल तर नवीनच घ्या. पातळ डिस्क लवकर तापते, वाकते आणि जास्त किंचाळते. डिस्क आणि ड्रम करड्या ओतीव लोखंडाचे असतात. इथल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, ओततात त्या जातीचं हे बीड. त्यात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात आणि थरथर गिळून टाकणं हा त्यांचा गुण. ब्रेकसाठी पोलाद न वापरता बीड वापरतात त्याचं हे एक मोठं कारण. आता हे गिळणारं लोखंडच घासून कमी केल्यावर आवाज कोण गिळणार?

‘फक्त सकाळी वाजतं’ आणि ‘घाट उतरल्यावर वाजतं’

सकाळच्या पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखर किंवा चीं होऊन मग बंद होत असेल, तर रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेला तांबडा गंज पॅड पुसतोय. आषाढातल्या कोल्हापुरात हे रोजचं. काही करू नका.

घाटाचं मात्र गंभीर आहे. पन्हाळा, आंबा किंवा करूळ घाट चौथ्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड प्रमाणाबाहेर तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. असे पॅड किंचाळतातही आणि पकडतही कमी. जळका वास आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून अर्धा तास थंड होऊ द्या, पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडायचा.

बेरिंग: किंचाळी कमी, घुमणं जास्त

चाकाचं बेरिंग सहसा किंचाळत नाही, ‘घुंऽऽ’ करतं. वेगाबरोबर ते वाढतं आणि ब्रेकने बदलत नाही. मोकळ्या मैदानात ताशी २०-३० ने मोठं वळण घ्या. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. खात्रीसाठी चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खटखट जाणवली की बदलायची वेळ झाली.

वंगण धुऊन गेलेलं बेरिंग मात्र खरोखर किंचाळतं, तेल नसलेल्या रहाटासारखं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. हबच्या वर पाणी चढलं असेल, तर गाडी सुरू झाली म्हणजे सुटलो असं समजू नये. बेरिंगमध्ये गेलेलं गाळाचं पाणी काही महिन्यांनी बोलतं. अशी गाडी विकत घेताना हे आवर्जून तपासा.

इंजिनच्या बाजूचा आवाज: पट्टा

पट्टा म्हणजे इंजिनच्या पुलीवरून फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, एसी, हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप यांना फिरवणारा रबरी बेल्ट. तेल चोपडलेल्या अंगावर पकड बसत नाही म्हणून पैलवान हाताला माती लावतो. पट्ट्याचंही तसंच. रबर जुनं होऊन गुळगुळीत झालं, किंवा ताण कमी पडला, की पुलीवर पकड सुटते आणि तो किंचाळतो. म्हणून आवाज नेमका ओझं वाढल्यावर येतो: सकाळी सेल्फ मारल्याबरोबर, एसी लावल्यावर, हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू केल्यावर, हायड्रॉलिक स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर.

बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. ओढणी, लांब बाही, सोडलेले केस दूर. रेडिएटरचा विजेवरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, हे लक्षात ठेवा. फवारणीच्या बाटलीने पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज वाढला, तर ताण कमी आहे. काही क्षण थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा झिजलाय. काहीच फरक नाही, तर एखाद्या पुलीचं बेरिंग.

‘पाणी मारलं आणि आवाज गेला, म्हणजे झालं ना?’ नाही. पाणी औषध नव्हे, ती तपासणी आहे. साबण, मेणबत्ती, तेल यांपैकी काहीही पट्ट्याला लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि पकड आणखी जाते.

इंजिन बंद करून दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. जुन्या गाड्यांत तो साधारण एक सेंटिमीटर खाली जावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आवाज घालवायला पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणणं ही फार महागात पडणारी चूक आहे. जास्त ताणाने अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेरिंग लवकर जातं. आडव्या चिरा किंवा सुटलेले धागे दिसले तर ताण न देता पट्टाच बदला. मारुती ८०० सारख्या गाडीत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि काही मिनिटांत इंजिन तापतं. तसंच चालवत घरी न्यायचा प्रयत्न केला की हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, काम निघतं.

क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच बेरिंग, आणि दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेरिंग बघावं लागेल.

ब्रेकही नाही, पट्टाही नाही

जुन्या गाड्यांची एक खास गोष्ट पुष्कळ मिस्त्रीही विसरतात. त्यांचा स्पीडोमीटर तारेवर चालतो. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एका नळीत ही तार फिरत असते. नळीतलं वंगण वाळलं की वेगाबरोबर चढणारी किंचाळी डॅशबोर्डच्या मागून येते, आणि काटा थरथरतो. न्यूट्रलच्या चाचणीत ती चाकाच्या बाजूची ठरते, म्हणून लोक ब्रेक उघडत बसतात. काटा नाचतोय का, एवढं बघितलं तर ते सगळं वाचतं.

फक्त खड्ड्यात किंवा गतिरोधकावर कुईं करणारा आवाज सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचा. त्याला वेगाशी घेणं नसतं.

‘काय होत न्हाई, चालवा’ हे कधी ऐकायचं नाही

किंचाळीची जागा लोखंडावर लोखंड घासल्याच्या खर्रर आवाजाने घेतली, तर पॅडचा थर संपून लोखंडी पाठ डिस्क खरवडतेय. ब्रेकचा पॅडल मऊ लागणं, हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा न विझणं, एका चाकातून जळका वास येणं, यांतलं काहीही दिसलं तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला बोलवा. पॅड फार झिजले की ब्रेक ऑइलची पातळी खाली जाते आणि दिवा त्यामुळेही लागतो. नुसतं ऑइल भरून दिवा विझवू नका.

गॅरेजमध्ये ‘चाक वाजतंय बघा’ एवढंच सांगण्याऐवजी असं सांगा: ‘उभ्या गाडीत वाजत नाही. ताशी ३० च्या पुढे सुरू होतं, न्यूट्रल केलं तरी राहतं, ब्रेकवर पाय टेकवला की थांबतं, आवाज पुढून डावीकडून येतो.’ एवढं ऐकल्यावर मिस्त्री पट्ट्याला हात लावणार नाही, थेट पुढचं डावं चाक उघडेल. काढलेले जुने पॅड मागून घ्या आणि चारही वड्यांची जाडी स्वतः बघा. गाडी ताब्यात घेतल्यावर हलवण्याआधी ब्रेक पॅडल घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला दाब कित्येकदा पोकळ जातो. आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा परत आवळून घ्या.